बीपीचा पट्टा दंडाला पुरला नाही, आणि तीन वर्षं मी दवाखान्याची पायरी चढले नाही

गुलमोहर_जुळेसोलापूर (रविवार, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वय ४३, शाळेत शिकवते, उंची पाच फूट दोन इंच, वजन ११६ किलो. आकडा आधीच सांगून टाकला, म्हणजे तिसऱ्या प्रतिसादात कुणी विचारायला नको.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलात डोकं दुखायचं म्हणून गावातल्याच एका दवाखान्यात गेले. बाहेर बाकांवर वीसेक माणसं. बीपी बघायचं ते आत नाही, तिथंच सगळ्यांसमोर, काउंटरपाशी. मदतनीस मुलाने दंडाला पट्टा गुंडाळला, तो जेमतेम टोकाला चिकटला. हवा भरायला लागल्यावर चर्रकन सुटला. पुन्हा लावला, पुन्हा सुटला. मग तो बाकावरच्या लोकांकडे बघून म्हणाला, "मॅडमला म्हशीचा पट्टा लागतोय." कुणीतरी खुदकन हसलं. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई तिथंच बसली होती. तिसऱ्या वेळी त्याने पट्टा हाताने दाबून धरला आणि बीपी घेतलं. १६८/१०२.

डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, जेवणात काय असतं? भाकरी, आमटी, शेंगा चटणी, असं सांगितलं. "चटणी बंद, भात बंद, तोंड बंद." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य असणार, कारण कंपाउंडर आधीपासूनच हसायच्या तयारीत होता. दोन गोळ्या लिहून दिल्या. डोकं कधी दुखतं, कुठल्या बाजूला दुखतं, एक प्रश्न नाही.

त्या गोळ्यांनी उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. जाऊन सांगायचं तर परत तोच बाक, तोच पट्टा. नाही गेले. गोळ्या मनानेच सोडल्या (चूक होती, माहितीय, ओरडू नका). मध्ये पाळीचा त्रास सुरू झाला, दहा-दहा दिवस अंगावर जायचं, तेव्हाही नाही गेले. आता शाळेचा जिना चढला की मधल्या पायरीवर थांबावं लागतं. घरचे म्हणतात वजनाने होतंय, मलाही तेच वाटतं.

वजन उतरवायला माझी ना नाही. फक्त ते करताना माणसासारखं वागवणारा डॉक्टर ओळखायचा कसा? जायच्या आधी फोनवर काय विचारून घ्यायचं? दवाखान्यांची नावं कृपया धाग्यावर नकोत, भांडणं होतात. व्यनि (खासगी निरोप) चालेल.

टॉवेलवाला_अण्णा (रविवार, रात्री १०:०५)

म्हशीचा पट्टा म्हणाला काय बे तो? त्याला दोन दिवस आमच्या लूमवर उभा करा. ताई, तुम्ही जावा डॉक्टरकडे, पण दुसऱ्या.

हुरडा_स्पेशल (रविवार, रात्री १०:३१)

कडू लिहितोय, राग मानू नका. त्या पोराचं चुकलंच, वादच नाही. पण डॉक्टरांनी खरं सांगितलं तर त्याचा अपमान कशाला करून घ्यायचा? मी स्वतः ९८ किलो होतो. पहाटे साडेपाचला कंबर तलावाला चकरा, रात्रीचं जेवण बंद, सात महिन्यांत ७६. मला कुणी गोंजारलं नाही. उलट मेव्हण्याने चारचौघांत 'ढोल' म्हटलं तेव्हाच डोक्यात गेलं. सगळंच मऊ मऊ बोलत बसलं तर कोण हलणार जागचं?

पूर्वभाग (रविवार, रात्री ११:१८)

हुरडाभाऊ, तुम्हाला कंबर तलाव जमला. माझ्या अम्माची गोष्ट ऐका.

अम्मा बत्तीस वर्षं विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात पानं-तंबाखू, सकाळी सातपासून भिंतीला टेकून बसलेली. मजुरी हजारावर, त्यामुळे उठलं की तेवढ्या विड्या कमी. गुडघे गेले. जिथं दाखवलं तिथं एकच: "वजन कमी करा, चालायला जा." एक्स-रे नाही की गुडघ्याला हात लावून बघणं नाही. अम्माला मराठी समजतं, बोलताना तेलुगू येतं. तर एक डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "यांना सांग, पोटाला टाळं लाव म्हणून." मी काय सांगितलं असेल? काहीच नाही. "डॉक्टर म्हणतात बरं होईल," एवढंच.

मग अम्माने डॉक्टर सोडले आणि पुडी धरली. एक माणूस कागदात बांधून तीन-तीन गोळ्या द्यायचा, गुडघा अर्ध्या तासात मोकळा. दोन वर्षं खाल्ल्या. तोंड गोल झालं, मानेमागे गोळा आला, पोट वाढलं, हातपाय मात्र बारीक. दंडाला नुसता धक्का लागला तरी काळानिळा डाग. आम्ही सगळे म्हणायचो, अम्मा बसून बसून सुटायलीय.

शेवटी एका मॅडमकडे नेलं. त्यांनी वजनाचा विषयच काढला नाही आधी. म्हणाल्या, घरात असतील नसतील तेवढ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. पुडी उघडून बघितली आणि विचारलं, हे किती दिवस चालू आहे? पुडीत स्टेरॉइड होतं. शुगरही त्यानेच वाढलेली. एकदम बंद करायचं नाही म्हणून त्यांनी बजावलं, कारण इतके दिवस बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं आणि एकाएकी तोडलं तर माणूस कोसळू शकतो. महिनोन् महिने थोडं थोडं कमी केलं. अम्माचं तोंड पूर्वीसारखं दिसायला लागलं तेव्हा शेजारीण विचारते, "डाएट केलीस काय गं?"

अन् चालायला जा म्हणून कधीच म्हणाल्या नाहीत. शंभर विड्यांची एक थप्पी झाली की भिंत धरून उठायचं, दहा वेळा टाचा उचलायच्या आणि परत बसायचं, एवढंच सांगितलं. ते अम्मा करते.

स्टेथो_आणि_चहा (सोमवार, सकाळी ७:१२)

मी मेडिसिनचा एमडी, प्रॅक्टिस सोलापुरातच. ओपीडीला पळायचंय, पण पट्ट्याचं राहवत नाही म्हणून लिहितो.

गुलमोहरताई, तुमचं ते १६८ बहुधा खोटं होतं. त्या पट्ट्याच्या आत हवेची पिशवी असते. ती दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के पुरायला हवी. आखूड पडली की शीर दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि यंत्र बीपी फुगवून दाखवतं. नेहमीचा पट्टा २७ ते ३४ सेंटीमीटर दंडासाठी असतो, मोठा ३५ ते ४४, त्यापुढे त्याहून मोठा. २०२३ साली अमेरिकेत १९५ लोकांवर याचीच चाचणी झाली. ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागायचा त्यांना नेहमीचा लावला तर वरचा आकडा सरासरी जवळपास २० ने जास्त आला. एवढा फरक पडला तर गोळी नको असलेल्याला गोळी लागते, एक पुरणार असलेल्याला दोन. उभं राहिल्यावर तुम्हाला अंधारी यायची, त्याचं उत्तर कदाचित इथेच आहे. घरी शिवणकामाची टेप असेल. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर मोजा आणि इथे लिहा.

आणि पाळीचं दुसऱ्या परिच्छेदात लिहायचं सोडून मध्येच कुठेतरी उरकलंत. दहा दिवस रक्तस्राव आणि जिन्यावर धाप, यात वजनाच्या आधी मला हिमोग्लोबिन बघावंसं वाटतं. सीबीसी (रक्ताची साधी तपासणी) आजच करा. बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलात तर धाग्यावर लिहू नका, सरळ इमर्जन्सी गाठा.

हुरडाभाऊंना रात्री उत्तर देतो.

वॉर्ड_नंबर_सात (सोमवार, दुपारी ३:४०)

नर्स आहे, १९ वर्षं झाली. मोठा पट्टा बहुतेक ठिकाणी असतो हो. कपाटात. कुलपात. रजिस्टरवर नोंद असलेली वस्तू, हरवली तर सिस्टरच्या पगारातून, म्हणून बाहेर निघत नाही. आमच्याकडचा मी स्वतः दोन वर्षांत एकदा बघितलाय, ऑडिटच्या दिवशी.

वजनकाट्याचंही तसंच. काटा पॅसेजमध्ये, लिहिणारी बाई टेबलावर. मग आम्ही ओरडायचो, "एकशे अठराऽऽ!" भाजी मंडईसारखं. मीही ओरडलेय. एक बाई काट्यावरून उतरली ती थेट गेटबाहेर, केसपेपर तिथंच ठेवून. त्या दिवशीपासून चिठ्ठीवर लिहून देते. ताई, तुमचं वाचून ती बाई आठवली. परत आली नाही ती.

मुलीची_आई (सोमवार, संध्याकाळी ६:२२)

माझी मुलगी १४ वर्षांची. गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात बसताना पाळणेवाला म्हणाला, "हिला एकटीला बसवा." तेव्हापासून शाळेत डबा उघडत नाही, आणि रात्री ओट्यापाशी उभी राहून बिस्किटं खाते. काय करू? आजी रोज टोकते.

स्टेथो_आणि_चहा (सोमवार, रात्री १०:५५)

आधी मुलीच्या आईंना. घरात तिच्या वजनावर बोलणं आजपासून थांबवा, आजीसकट. दिवसभर उपाशी राहून रात्री लपून खाणं, याला जिद्द कमी पडली असं म्हणू नका. टोमण्यांनी मुलं बारीक होत नाहीत. दीर्घकाळ पाहणी केलेल्या अभ्यासांत टोमणे खाणाऱ्या मुलांचं वजन पुढे जास्तच वाढलेलं दिसलंय. बालरोगतज्ज्ञांकडे न्या, पाळी नियमित आहे का ते सांगा, मान-काखेत कातडी काळी-मखमली झालीय का बघा. जेवणात बदल करायचा तर तो घरातल्या सगळ्यांच्या ताटात व्हायला हवा.

आता हुरडाभाऊ. २२ किलो उतरवलेत, मनापासून अभिनंदन, थट्टा नाही. पण तुमच्यावरून सगळ्यांचं ठरवू नका. वजन उतरलं की शरीराला वाटतं दुष्काळ पडला. भूक वाढवणारं घ्रेलिन वर जातं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन खाली येतं आणि शरीर बसल्या बसल्या कमी ऊर्जा जाळायला लागतं. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी परत तपासलं होतं (२०१६ चा अभ्यास). बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं, आणि त्यांचं शरीर त्यांच्या अंगकाठीच्या माणसाने जेवढं जाळायला हवं त्याहून रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. सहा वर्षांनीसुद्धा! त्यांच्यावर टीव्हीवर ओरडणारे प्रशिक्षक होतेच की.

आणि बारीक म्हणजे निरोगी हेही आपल्याकडे खरं नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे बीएमआयची रेघ म्हणूनच खाली ओढलीय, २३ च्या पुढे जास्त वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा. बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत हवी, पुरुषांची ९०. या रेघेने मोजलं तर त्या दिवशी बाकावर बसून हसणाऱ्यांतले किती जण पलीकडे निघतील, बघा.

वजनाने काही होत नाही, असं मी म्हणत नाहीये. शुगर, बीपी, गुडघे, झोपेत श्वास अडकणं, लिव्हरवर चरबी, सगळं होतं. पण ५ ते १० टक्के वजन उतरलं तरी शुगर आणि बीपीत फरक दिसायला लागतो. ११६ च्या माणसाला हे ६ ते १२ किलो झाले. '६० करून या' म्हटलं की तो माणूस परत येतच नाही.

फोनवर काय विचारायचं? एकच विचारा: मोठ्या दंडाचा पट्टा आहे का? ज्यांना प्रश्नच कळत नाही त्यांच्याकडे पुढचं काय असणार. आत गेल्यावर डॉक्टर तुमच्या चालू गोळ्या विचारतात का (मधुमेहाच्या काही गोळ्या, इन्सुलिन, मानसिक आजारावरची काही औषधं, स्टेरॉइड, सगळ्यांनी वजन वाढतं), झोप आणि घोरणं विचारतात का, ज्या तक्रारीसाठी आलात ती तपासतात का, ते बघा. थायरॉइड तपासा जरूर, पण सगळं खापर त्याच्यावर फोडू नका, त्याने सहसा थोडेच किलो वाढतात.

[हा प्रतिसाद जाहिरात असल्याने काढून टाकला आहे. – संपादक]

टॉवेलवाला_अण्णा (मंगळवार, सकाळी ८:०३)

काढलं ते बरं केलं. 'सात दिवसांत सात किलो' पावडरचा डबा विकायलता. नंबर पण टाकलता.

स्टेथो_आणि_चहा (मंगळवार, सकाळी ८:२०)

सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध हृदयाला धोका म्हणून आपल्याकडे २०११ साली बंद झालं. ते 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांत जगभर सापडत आलंय. डब्याने खरंच भूक मेली आणि छातीत धडधड व्हायला लागली तर डबा घेऊन या, मी बघतो.

होटगीरोड_७८ (मंगळवार, दुपारी १:१५)

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनबद्दल कुणीच बोलेना, म्हणून मी. मौंजारो आपल्याकडे मार्च २०२५ ला आलं, वेगोवी जूनला. मी आठवड्याला एक घेतो, पोटात, स्वतःच टोचतो. सुरुवातीला मळमळ, बद्धकोष्ठता. हुरड्याच्या पार्टीला गेलो आणि दोन घासांत हात थांबला, आयुष्यात पहिल्यांदा. ४० वर्षं डोक्यात जो 'आता काय खाऊ'चा रेडिओ चालू असायचा तो बंद झाला. तेव्हा कळलं की बाकीच्या लोकांच्या डोक्यात तो नसतोच! मी मात्र इतकी वर्षं स्वतःला हावरट समजत होतो.

ऑफिसात सांगितलं नाही. इंजेक्शनने उतरवलं म्हटलं की 'शॉर्टकट' म्हणतात. बीपीची गोळी खाणाऱ्याला कुणी शॉर्टकट म्हणत नाही.

स्टेथो_आणि_चहा (मंगळवार, रात्री ११:०२)

होटगीरोड, छान लिहिलंत. इतरांसाठी पुरवणी: सेमाग्लुटाइडच्या (वेगोवीतलं औषध) मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे हे बीपीच्या गोळीसारखं, लांबचं औषध आहे. लग्नाआधी तीन महिने घ्यायचं नाही. गरोदरपणी चालत नाही, घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झालेला असेल तर नाही, स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर आधी सांगा. पित्ताशयात खडे होऊ शकतात. मित्राच्या ओळखीने मेडिकलमधून आणून टोचू नका. आणि स्नायू टिकवायला डाळ, अंडी, दही, थोडा व्यायाम लागतोच.

हुरडा_स्पेशल (बुधवार, रात्री १२:१४)

डॉक्टरसाहेब, दोन दिवस झाले तुमचं वाचून. ७६ झालो होतो हे खरं आहे, पण ते गेल्या वर्षी. आज सकाळी ८७ आहे. कंबर तलाव रोजचा चालू आहे, रात्रीचं जेवण अजून बंद आहे. मेव्हण्याच्या घरी दिवाळीला गेलो नाही. इथं लिहिताना ७६ च लिहिलं.

ताई, माफ करा.

पूर्वभाग (बुधवार, सकाळी ६:५०)

भाऊ, या एकदा आमच्या मॅडमकडे. गोळ्यांची पिशवी घेऊन.

गुलमोहर_जुळेसोलापूर (दहा दिवसांनी, शनिवार, संध्याकाळी ५:३०)

उशीर झाला, रागावू नका. सगळं सांगते.

टेपने मोजलं, दंड ४५ सेंटीमीटर. मग शाळेच्या मधल्या सुट्टीत चार ठिकाणी फोन. एकाने विचारलं, "कसला पट्टा?" दुसरीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे पट्टे मिळत नाहीत, नवी पेठेत बघा." तिच्यावर मी इतकी हसले की रागच गेला. तिसऱ्याने फोन ठेवला. चौथ्या ठिकाणी सिस्टर म्हणाल्या, "थांबा, बघून सांगते," आणि पाच मिनिटांनी स्वतः फोन करून म्हणाल्या, आहे, या.

खुर्चीला हात नव्हते. हे कुणाला कळणार नाही, पण हातवाल्या खुर्चीतून उठताना खुर्चीही बरोबर उठते तो प्रकार मला माहितीय. बीपी आतल्या खोलीत, पाच मिनिटं शांत बसवून, मोठ्या पट्ट्याने: १४२/८८. दुसऱ्यांदा १३८/८६. डॉक्टर बाई होत्या. जिना, धाप, पाळी, सगळं विचारून झाल्यावर म्हणाल्या, "वजनाबद्दल आज बोललं तर चालेल का? नको असेल तर पुढच्या वेळी." मला रडू आलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि थांबल्या.

सीबीसी मी आधीच केलं होतं. हिमोग्लोबिन ७.४. मधल्या पायरीवर जी थांबत होते ती रक्त नव्हतं म्हणून. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, सोनोग्राफी झाली, गर्भाशयाचं अस्तर जाड आलंय. या वयात आणि या वजनात ते तसं सोडायचं नसतं म्हणून त्याचा तुकडा तपासायला गेलाय, रिपोर्ट मंगळवारी. भीती आहे. शिरेतून लोह चालू केलंय. बीपीची एकच गोळी, छोटी. मी घोरते म्हणून मुलीने सांगितलं, तर झोपेचीही तपासणी करायचीय. इंजेक्शन आणि ऑपरेशन, दोन्ही माझ्या बीएमआयला चालण्यासारखं आहे म्हणाल्या, पण आधी रक्त वाढवू, मग बसून बोलू. डॉक्टरांचं नाव ज्यांनी मागितलं त्यांना व्यनि केलाय.

वॉर्ड_नंबर_सात (शनिवार, संध्याकाळी ६:१०)

मंगळवारी रिपोर्ट आला की लगेच लिहा. आमच्याकडची बातमी: कपाटाची किल्ली सापडेना म्हणून काल कुलूप तोडलं. मोठा पट्टा आता भिंतीला टांगलाय. सापडला तेव्हा प्लास्टिकमध्येच होता, एकदाही न उघडलेला.

टॉवेलवाला_अण्णा (शनिवार, संध्याकाळी ६:१४)

ताई, चटणीचं काय ठरलं?

गुलमोहर_जुळेसोलापूर (शनिवार, संध्याकाळी ६:३१)

दोन चमचे, भाकरीबरोबर. डॉक्टरांनी विचारलं, घरची की विकतची? घरची म्हटलं, तर म्हणाल्या, पुढच्या वेळी येताना थोडी आणा.